चौदा नंबरचा घास

सूर

मिराशी सरांनी दार उघडलं.

मिराशी सरांनी दार उघडलं.

मिराशी सरांनी दार उघडलं, मला आत घेतलं आणि म्हणाले, "या, खरातबाई. बसा. तुमचा पक्षी लग्नाला निघालाय."

(मुनियाचं गाणं असंच सुरू होतं. आधी एकच सूर दोन-चार वेळा, गळा अडकल्यासारखा. मग एकदम ओळ. त्या दिवसांबद्दल सांगायला बसले की माझंही तेच होतं. इतकी वर्षं झाली, आता माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे, माझ्या हाताखाली मुलं आहेत, तरी मी अजून त्या दारापाशीच अडते.)

सरांनी टेप लावली.

टक्, टक्, टक्. जिभेने टाळूवर मारल्यासारखे तीन ठोके. मग दातांच्या फटीतून सोडल्यासारखी लांब शीळ, वरून खाली घसरत जाणारी. पुन्हा तीन ठोके. पुन्हा शीळ.

"हा कोण?"

"चौदा नंबर, सर."

"चौदा नंबरला कोण शिकवणार होतं?"

"कोणीच नाही."

"मग हा काय गातोय?"

मी पुन्हा ऐकलं. ओळ स्वच्छ होती. दर वेळी अगदी तशीच.

"हे मुनियाचं नाही," मी म्हणाले.

"शाबास. सहा वर्षांत एवढं तरी आलं. मुनियाचं नाही, म्हणजे माणसाचं. आणि दिवाळीपासून त्या खोलीत रोज कोण जातं?"

"मी."

"कराडला घरी काय चालतं तुमच्या?"

"सर, त्याचा इथे काय—"

"काय चालतं?"

"बँड."

"ऐकू आलं नाही."

"वडिलांचा बँड आहे. लग्नाचा."

"घरी बँड, इथे बँड," सर म्हणाले आणि त्यांनी टेप बंद केली.


ज्यांना पाखरं माहीत नाहीत त्यांच्यासाठी

मुनिया म्हणजे चिमणीहून लहान, तपकिरी पक्षी. गातो फक्त नर, आणि गाणं तो बापाकडून शिकतो. पिल्लू असताना बापाचं किंवा दुसऱ्या कुठल्या नराचं गाणं कानावर पडलंच नाही, तर मोठेपणी तो नुसता खरखरतो. बिजागरीसारखा.

हे शिकणं साडेतीन महिन्यांच्या आत व्हावं लागतं, असं मिराशी सरांनी सिद्ध केलं होतं. त्यानंतर मेंदूतली ती जागा घट्ट होते आणि मग कितीही ऐकवा, उपयोग नाही. या मुदतीला आम्ही सगळे 'खिडकी' म्हणायचो. खिडकी वयाने बंद होते, घड्याळाने बंद होते, बंद झाली की झाली. सरांची सगळी कारकीर्द या वाक्यावर उभी होती.

माझं म्हणणं वेगळं होतं. खिडकी घड्याळाने बंद होत नाही. शिकून झालं की बंद होते. ज्याला कोणी शिकवलंच नाही त्याची ती किलकिली राहते.

हे सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "कर सिद्ध. तुझी चार वर्षं वाया गेली तर माझं काय जातंय."

म्हणून मी पिल्लं आवाज न जाणाऱ्या पेट्यांमध्ये वाढवली. एका माणसाने बसावं एवढ्या मोठ्या पेट्या, आतून फोम लावलेला. सहा महिन्यांचे झाल्यावर अर्ध्या नरांजवळ गाणारा म्हातारा पक्षी ठेवला. त्याला आम्ही 'मास्तर' म्हणायचो. उरलेल्या अर्ध्यांना कोणीच नाही. त्यांनी आयुष्यभर खरखरायचं होतं, म्हणजे फरक दिसला असता. मास्तरवाल्यांपैकी काहींनी दोन-तीन सूर उचललेही होते. सर त्याला 'योगायोग' म्हणत.

चौदा नंबर खरखरणाऱ्यांतला. त्याने ओळ गायली, म्हणजे आवाज आत शिरला होता. एका पेटीत शिरला तर बाकीच्यांतही शिरला नसेल कशावरून? एवढ्या एका पक्ष्यामुळे माझं सगळं काम कचरा ठरत होतं.

आवाज शिरू नये म्हणून खोलीचा नियम कडक होता. आत बोलायचं नाही. खुणा करायच्या: दोन बोटं म्हणजे पाणी, मूठ म्हणजे राळं, पाखरांचा बारीक दाणा, कान धरला म्हणजे बाहेर हो. शिंक आली तर बाहेर पळायचं. बांगड्या, पैंजण, किल्ल्यांचा जुडगा सगळं बाहेर काढून ठेवायचं. एका मुलीच्या हिरव्या बांगड्या सरांनी सगळ्यांदेखत उतरवायला लावल्या होत्या. ती लग्नाहून आली होती आणि रडत होती. सर म्हणाले, "रडायचं तर बाहेर. रडण्यालाही आवाज असतो."


ओळ

"मी शीळ घातलेली नाही," मी म्हणाले.

"कॉरिडॉरमध्ये गुणगुणतेस. जिन्यात गुणगुणतेस. मागच्या वर्षी माझ्या व्याख्यानात गुणगुणत होतीस."

"खोलीत नाही."

"तुला कळतं का, तू कधी गुणगुणतेस ते? कळत असतं तर व्याख्यानात गप्प बसली असतीस."



"टेपवर सापडेल, सर. कोण बोललं ते."

"पेटीचं दार उघडलं की टेप थांबते. तूच तसं जोडून घेतलंस. कडीचा आवाज नको म्हणून."

तेही खरं होतं.

"सोमवारी तुझ्या प्रबंधाची समिती आहे," सर म्हणाले. "उभी राहा आणि सांग, माझ्या हातून प्रयोग नासला. नाहीतर मी सांगतो. मी सांगितलं तर पुन्हा तुला कोणी पिंजरे धुवायलाही ठेवणार नाही."

"आणि मी सांगितलं तर?"

"तर पिंजरे धुवायला ठेवतील."


पुन्हा ओळ

इरफान मुजावर माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. मेंदूच्या चकत्या कापायचा आणि दिवसभर बोलायचा.

"अगं, घातली असशील शीळ तर सांगून टाक ना. लोक आंघोळ करताना गातात, तू राळं घालताना."

"नाही घातली."

"झोपेत?"

"इरफान."

"बरं, शिंकलीस?"

मी चौदा नंबरची टेप घेतली आणि दारं बंद करून वडिलांच्या बँडमधलं जे जे येतं ते सगळं शिटीवर वाजवून पाहिलं. वरातीचं, हळदीचं, मिरवणुकीचं. इरफान कागदावर दोन्हींच्या रेघा जुळवत बसला. काहीच जुळेना. वडिलांच्या सगळ्या चाली वर चढायच्या. ही खाली घसरत होती.

"आणि हे टक्-टक् काय?" तो म्हणाला. "हे गाणं नाहीच. हे कोणालातरी बोलावणं आहे. कुत्र्याला बोलावतात तसं."

"आमच्याकडे कुत्रा नाही."

"तुमच्याकडे काहीच नाही, पाव्हणे. म्हणून म्हणतो, मिराशीच्या घरी जा. पाय धर. मुदतवाढीवर सही घे."

"कोणी गेलंय कधी सरांच्या घरी?"

"कोणी नाही. म्हणूनच जा. दचकेल तरी."


रविवार

या जागी रविवार हवा. पण रविवारी मी त्या खोलीत नसायचे. सोमवार ते शनिवार मी राळं घालायचे. रविवारी सर स्वतः, एकटे. आधी हे सगळं खोलीचे शिपाई पोपळघट मामा करायचे. दिवाळीच्या तोंडावर सरांनी एका पडलेल्या वाटीवरून त्यांना आख्ख्या मजल्यासमोर असं काही झापलं, की मामा म्हणाले, "तुमची पाखरं तुम्ही सांभाळा," आणि गेले, ते आलेच नाहीत.

ही जागा आत्ता रिकामी ठेवते.


तुटलेली ओळ

शनिवारी दुपारी मी गेले. दार सरांच्या बायकोने उघडलं. हातात ओलं फडकं.

"कोण?"

"खरात. सरांची विद्यार्थिनी."

"त्यांचे विद्यार्थी घरी येत नाहीत."

"माहीत आहे, काकू."

"मग?"

मी काही बोलणार तेवढ्यात आतून आवाज आला.

टक्, टक्, टक्.

मग शीळ. वरून खाली.

काकूंच्या खांद्यावरून आतली खोली दिसत होती. खुर्चीत पट्ट्याने बांधून बसवलेली एक बाई. तिशीची असेल. मान एका बाजूला कललेली, केस बारीक कापलेले, गळ्यात लहान मुलांचं असतं तसं लाळेरं. समोर स्टुलावर मिराशी सर, बाह्या दुमडून, हातात वरणभाताची वाटी. ती तोंड उघडत नव्हती. सरांनी घास तिच्या ओठांशी नेला.

"हा घास चिऊचा," सर म्हणाले. "चिऊ कशी येते? वैजू, चिऊ कशी येते?"

टक्, टक्, टक्. शीळ.

तिने तोंड उघडलं.

हा आवाज सरांचा होता. सहा वर्षांत मी त्यांच्या तोंडून असा आवाज कधी ऐकला नव्हता, आणि तरी तो मला पाठ होता.

सरांनी मान वळवली आणि मला पाहिलं.

"बाहेर," ते म्हणाले.

"सर, मला फक्त—"

"बाहेर हो!"

खुर्चीतली बाई दचकली आणि घास खाली पडला. सरांनी रिकाम्या हाताने स्वतःचा कान धरला. खोलीतली खूण. बाहेर हो.

काकू माझ्यामागे जिन्यापर्यंत आल्या. दार त्यांनी ओढून घेतलं होतं.

"आता सगळीकडे सांगशील."

"नाही."

"सांगितलंस तरी मला काही नाही. लपवायचं त्यांना आहे, मला नाही. जन्मताना श्वास अडकला होता तिचा." त्या फडकं पिळत होत्या, त्यात पाणी उरलं नव्हतं. "पूर्वी शिकवायचे तिला. रोज. पाणी म्हण, आई म्हण. 'आ' म्हणायची. मी म्हणायचे, 'आई' म्हणतेय. हे म्हणायचे, नुसता 'आ' आहे. त्यावरून भांडायचो आम्ही."

"मग?"

"सात वर्षांची झाली आणि एके दिवशी बंद. म्हणाले, आता वय गेलं, आता यायचं नाही, तिला उगाच त्रास. पुस्तकात काढून दाखवलं मला. त्यांचंच पुस्तक." त्यांनी दाराकडे पाहिलं. "तेव्हापासून फक्त खायला घालतात. तू जा. आता चिडून जेवायचे नाहीत ते."


रविवार, पुन्हा

मी तिथे नव्हते. पण आता लिहू शकते.

मामा गेल्यानंतर चौदा नंबर आजारी पडला होता. पिसं फुलवून कोपऱ्यात बसायचा, राळ्याला तोंड लावायचा नाही. मी सरांना सांगितलं होतं, हा मरेल. सर म्हणाले होते, "मरू दे, तुझी आकडेवारी सुधारेल."

आणि मग रविवारी, त्या खोलीत कोणी नसताना, सरांनी पेटी उघडली असणार. भिजवलेलं राळं बोटावर घेतलं असणार. पक्ष्याने चोच उघडली नसणार.

पुढचं त्यांना कळलंही नसेल. घास घेऊन हात पुढे गेला की तोंड आपोआप तेच करतं. तू गुणगुणतेस ते तुला कळत नाही, असं मला म्हणणाऱ्या माणसाला आपण काय करतोय हे कळलं नसेल. किंवा कळलं असेल, आणि दर रविवारी कळत राहिलं असेल.

चौदा नंबर जगला. मला वाटलं होतं, आपोआप जगला.


सोमवार

समितीच्या अध्यक्ष सबनीस बाई होत्या. चष्मा नाकावर, समोर चहा. सर पहिल्या रांगेत, हाताची घडी. इरफान मागे भिंतीला टेकून.

मी पिंजरा टेबलावर ठेवला. वर काळं फडकं.

"हे काय?" सबनीस बाई म्हणाल्या. "जादूचे प्रयोग आहेत का?"

लोक हसले. सर हसले नाहीत.

मी चौदा नंबरची टेप वाजवली. सांगितलं की हा कोणीही न शिकवलेल्या गटातला आहे, आणि हा आवाज माणसाचा आहे.

"म्हणजे तुमचा प्रयोग नासला, खरात."

"नाही, बाई. आधी हा आवाज कोणाचा ते ठरू द्या."

"तुमचाच, असं तुमच्या सरांनी मला सांगितलंय."

"माझा नाही." मी सरांकडे वळले. "सर, दिवाळीनंतर रविवारी पेट्या कोण उघडतं?"

मागे कोणीतरी खाकरलं. विद्यार्थिनीने असं विचारायचं नसतं.

"मी," सर म्हणाले.

"चौदा नंबर खात नव्हता. त्याला हाताने कोणी भरवलं?"



"खरात," सबनीस बाईंनी कप खाली ठेवला, "तुम्ही स्वतःच्या मार्गदर्शकावर आरोप करताय, हे कळतंय ना तुम्हाला?"

"आरोप नाही, बाई. प्रश्न आहे."

माझ्या ओठांवर आणखी एक वाक्य तयार होतं. सर घरी कोणाला तरी असंच भरवतात. सरांनी नाही म्हटलं असतं तर मी ते बोलले असते. सगळ्यांसमोर, नावासकट. ते गिळायचं असं मी मुळीच ठरवलेलं नव्हतं. आणि सर माझ्या तोंडाकडेच बघत होते. त्यांना दिसत होतं ते.

त्यांनी नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्या खोलीत त्यांच्या शब्दापुढे माझा शब्द कोणी धरला नसता.

सर उठले. टेबलापाशी आले, फडकं काढलं. चौदा नंबर दांडीवर सरकला. सरांनी तर्जनी पिंजऱ्याच्या तारांना लावली, थोडं वाकले आणि एवढ्या सगळ्या प्राध्यापकांसमोर जिभेने टाळूवर तीन ठोके मारले. मग शीळ. वरून खाली.

चौदा नंबरने मान तिरकी केली.

टक्, टक्, टक्. शीळ.

मग सबनीस बाई म्हणाल्या, "मिराशी, हे काय आहे?"

"माझा आवाज आहे," सर म्हणाले. "खोलीचा नियम मी मोडला. खरातने नाही. लिहून घ्या."

"म्हणजे प्रयोग नासलाच की. हिच्यामुळे नाही, तुमच्यामुळे."

बाई बरोबर होत्या. दोन दिवस मी हेच वाक्य येणार म्हणून घाबरले होते, आणि त्याचं उत्तरही माझ्याजवळ होतं. पण सरांनी हात वर केला आणि माझ्याकडे वळले. डोळे लाल. मला वाटलं, मारतात की काय.

"मामा कधी गेला?"

"दिवाळीच्या तोंडावर, सर."

"त्याआधी रविवारी मी त्या खोलीत गेलो होतो?"

"नाही. मामाच असायचे."

"तेव्हा हा किती महिन्यांचा होता?"

"पाच."

"माझी खिडकी कधी बंद होते?"

"साडेतीनला."

"मग बोल ना! सहा वर्षं माझं डोकं खाल्लंस, आता दातखीळ बसली? हा पक्षी हे कधी शिकला?"

"खिडकी बंद झाल्यावर, सर."

"चूक."

सरांनी टेबलावर बोट आपटलं.

"बंद झाल्यावर कसा शिकेल? नीट बोल."

"खिडकी उघडी होती, सर."

"चौदा नंबरची," सर म्हणाले. "चौदा नंबरची खिडकी उघडी होती. एका पक्ष्यावरून जगाच्या खिडक्या उघडायच्या नाहीत. आणखी पक्षी वाढव. मुद्दाम शिकव, पाच महिन्यांनी, सात महिन्यांनी, वर्षाने. मग ये आणि मला खोटं पाड." ते सबनीस बाईंकडे वळले. "हिला मुदत वाढवून द्या. मी सही करतो."

"मिराशी, तुमची तीस वर्षं—"

"माझी तीस वर्षं मला माहीत आहेत, बाई."

त्यांनी पिंजऱ्यावर फडकं टाकलं. सरळ पडलं नाही, एक कोपरा उघडा राहिला. त्यातून टक्, टक्, टक् येत राहिलं, आणि सर दोन्ही हात टेबलावर टेकून ते ऐकत उभे राहिले. नको तेवढा वेळ. इरफाननेही नजर खाली घातली.


सूर

सरांनी दार उघडलं.

सगळे पांगले होते. मी त्यांच्या खोलीबाहेर पिंजरा घेऊन उभी होते. का ते माहीत नाही. आभार मानायला नक्कीच नाही. मला त्यांचा अजून रागच येत होता, आणि आजही त्यातला बराचसा शिल्लक आहे.

"अजून काय हवंय?"

"काही नाही, सर."

"शनिवारी आलीस. बोलावलं होतं कोणी?"

"नाही."

"तिने घास टाकला. संध्याकाळपर्यंत जेवली नाही."



सरांनी खिशातून पाखरांच्या खोलीची किल्ली काढली. जुडग्यातून वेगळी करताना त्यांचं नख मोडलं, त्यांनी शिवी दिली, आणि किल्ली पिंजऱ्याच्या टपावर आपटली. आत चौदा नंबर फडफडला.

"रविवारी यापुढे तू यायचंस. मला घरी काम आहे."

मी किल्ली उचलली. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"आणि आत तोंड बंद ठेवायचं," सर म्हणाले, आणि त्यांनी दार लावून घेतलं.